गिरणीवरून डावीकडे

तिने बाबांचा स्वेटर घडी करून बॅगेत ठेवला, तेवढ्यात ते दारातून म्हणाले, "तुझ्या आईकडे जाऊन येतो," आणि काठी टेकत निघूनही गेले.

आई जाऊन तीन वर्षं झाली होती.

खाली शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं, हे विसरायला लागलेत, यांना आता वर गावात एकटं ठेवू नका. त्यांना न्यायलाच तर ती आली होती. घरापर्यंतचा रस्ता अरुंद, म्हणून नवरा गाडी घेऊन वेशीपाशी थांबला होता. "बाबा निघून गेलेत," एवढंच त्याला फोनवर सांगून ती चपला सरकवून तशीच धावली.

कोपऱ्यावर पाववाल्या मावशी ट्रे पुसत होत्या.

"मावशी, बाबा दिसले का?"

"आत्ताच गेले की. गिरणीवरून डावीकडे वळले."

"कुठली गिरणी?"

"अगं, गावात गिरण्या आहेत तरी कितीशा!"

एकही नव्हती. होती ती जळून गेली, तेव्हा ती स्वतः पाळण्यात होती. तिथे आता बँक होती. ती बँकेवरून डावीकडे वळली. चढावर पोस्टमन भेटला.

"पुलाच्या अलीकडेच असतील," तो म्हणाला. पूल कुठेच दिसेना. ओढ्याचं पात्र सरकलं त्या वर्षी तो वाहून गेला होता.

आठव्या वर्षीच शिकायला खाली गेलेली ती. गावाची ही खोड तिला कुठून ठाऊक असणार? आग लागली, दरड कोसळली, पूर आला. दर वेळी लोकांनी मुकाट्याने नवं बांधलं, पण जुना पत्ता काही सोडला नाही. आता वेडं कोणाला म्हणायचं?

"पण गेलेत कुठे, काका?"

"तुझ्या आईकडे, दुसरीकडे कुठे!" पोस्टमन सहज म्हणाला.

ती रस्त्यातच हसली आणि तिने डोळे पुसले. म्हणजे बाबांना काही झालेलं नाही. हे गावच असं बोलतं. आईचं शिवणाचं दुकान गेलं, तिथे मोबाइल दुरुस्तीवाला आला, तरी ती जागा आईचीच. घरी जाऊन बॅग रिकामी करायची, एवढं तिने ठरवूनही टाकलं.

बाबा मोबाइलवाल्याच्या काउंटरपाशी उभे होते. हातात पँट.

"खालची शिवण उसवलीये," ते सांगत होते. "तिला म्हणावं, आजच हवी. लेकीबरोबर जायचंय."

"ठेवा काका. घटकाभर बसा, देतो." मोबाइलवाल्याने पँट घेऊन आतल्या दारातून बायकोकडे दिली. बाबा स्टुलावर जाऊन बसले.

ती काउंटरपाशी आली. मोबाइलवाला आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, आठवड्याला एक पँट येते. माझी बायको टीप घालून देते. घरी बसून स्वतःच उसवत असतील, धागा ब्लेडने कापलेला असतो."

"म्हणजे त्यांना ठाऊक आहे, की आई..."

"ते मी कधी विचारलं नाही."

आत शिलाई मशीन सुरू झालं. बाबांनी मान किंचित तिकडे वळवली आणि डोळे मिटले. त्यांची काठी गुडघ्यांवर आडवी होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

फोन वाजला. नवरा होता.

"अगं, आहेस कुठे? बाबा सापडले का? गाडी कुठे आणू?"

"आणू नकोस एवढ्यात," ती हळूच म्हणाली. "आम्ही आईकडे आहोत."