न चमकलेलं पाणी

यशोधरा बंगळुरूच्या प्रयोगशाळेत जिवाणू घडवायची. पाण्यात शिसं असलं, की ते हिरवे चमकायचे. मळवलीहून तिच्या आईनं, चिमाबाईंनी, विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं. पण बाटली जंतू मारायच्या टीसीएल पावडरीनं घासून.

"आई, माझे जिवाणू मेले गं सगळे!" लेक फोनवर हसली. "आणि रोज पंचशीलात जीवहत्या करणार नाही म्हणतेस!"

"मला काय ठावं, बाई? आता गं?"

"नुसत्या पाण्यानं विसळून परत पाठव. पुन्हा बिघडलं, तर मीच येते पाणी न्यायला."

दोन वर्षं लेकीचं पाऊल उंबऱ्याला लागलं नव्हतं. सकाळी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून चिमाबाई बाटली भरायला बसल्या. चिमूटभर पावडर टाकली, की लेक घरी! चिमूट भरलीही. पण खोटं न वागण्याचं शील नुकतंच तोंडून गेलं होतं. त्यांनी पावडर डब्यात परत टाकली, हात धुतले, बाटली तीनदा विसळली.

आठवड्यानं फोन आला. "पाणी निर्मळ आहे, आई. चमकलंच नाही. आता यायचं कारण उरलं नाही बघ."

"लय बरं झालं, बाई."

फोन ठेवून त्यांनी विहिरीचं पाणी पेल्यात घेतलं, आणि कितीतरी वेळ उजेडाकडं धरून पाहत राहिल्या.