टँकर रिकामा होईपर्यंत

विजयमालेला नववा महिना लागला, तेव्हा गहिनीनाथने दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने एसटीच्या वेळा लिहून ठेवल्या. तिसगावहून नगरला सकाळी आठची आणि दुपारी दोनची. मधल्या वेळेसाठी तिसगावच्या श्रीमंत शेठची जीप. तिथे तो तीनदा जाऊन बोलून आला होता. त्यातूनही काही अडलंच तर म्हणून पुढच्या सोमवारीच तिला नगरला, सावेडीत राहणाऱ्या मामेबहिणीकडे नेऊन ठेवायचं ठरलं होतं.

"कळा सुरू व्हायच्या आधीच तू नगरात पायजेस," तो रोज म्हणायचा.

एवढी घाई उगाच नव्हती. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला मूल आडवं आलं होतं. सुईणीने रात्रभर वाट पाहिली, मग बैलगाडी जुंपली, तिसगावात एसटी चुकली. नगरच्या दवाखान्यात पोचेस्तोवर पोटातली हालचाल थांबली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विजयमालेचा हात धरून सांगितलं होतं, "पुढच्या वेळी घरी थांबू नकोस. सरळ माझ्याकडे ये." ती तेव्हाच मनाशी म्हणाली होती, आता बाळंत होईन तर याच बाईंच्या हातून.

पण ते वर्ष दुष्काळाचं. वैशाख सुरू झाला तरी गावात चाऱ्याची काडी नव्हती. बैल छावणीत पोचवले होते, दहा मैलांवर, आणि त्यांच्याजवळ घरातल्या कुणालातरी राहावं लागे. गुरुवारी गहिनीनाथ गेला आणि शुक्रवारी सकाळी साडेआठला, चुलीपुढून उठताना, विजयमालेची पाणमोट फुटली. दिवस भरायला अजून सतरा दिवस होते.

सासूने, झुंबरबाईने, तिला बाजेवर निजवलं. धाकटा दीर कानिफनाथ सायकल घेऊन जीप आणायला निघाला. तीन मैल जायचं, जीपमधून यायचं. फार तर पाऊण तास.

विजयमाला आढ्याकडे बघत पडली. कळा अजून लांब लांब होत्या, पण आतून काहीतरी लाथा मारल्यासारखं खाली खाली येत होतं, आणि ते तिला बरं वाटत नव्हतं. ती उठून बसली, पुन्हा आडवी झाली. लुगड्यांचं गाठोडं सोडून पुन्हा बांधलं.

"आत्या, जीपचा आवाज आला का?"

"न्हाई गं. पडून ऱ्हा."

"आत्या, बघा ना दारात जाऊन."

झुंबरबाई सहाव्यांदा दारात गेली. तिने स्वतः सात बाळंतपणं घरात केली होती आणि दवाखान्याचं नाव काढलं की पूर्वी ती तोंड फिरवायची. पण पहिला नातू जमिनीत पुरताना ती तिथे होती. तेव्हापासून ती याबाबतीत काही बोलत नसे.

दहाला कानिफनाथ आला, तो एकटाच. घामाने सदरा अंगाला चिकटलेला.

"जीप पाथर्डीला गेली, लग्नाचं वऱ्हाड घेऊन. सांजच्याला येनार म्हने. आनि आठची एसटी तर कवाच गेली." त्याचा आवाज रडवेला झाला. "मी दादाकडं जाऊ का, वयनी?"

"तुमचे दादा येऊन काय करतील भावजी? बैल हायत व्हय त्यांच्याजवळ चालायच्या लायकीचे?" ती बाजेची कड धरून उठली. "मी चालत जाते तिसगावला. दोनची एसटी घावंल."

"येडी का काय तू!" झुंबरबाईने तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

तेवढ्यात पांदीकडून हॉर्न वाजला. जीप नव्हे, टँकर होता. दर दोन दिवसांनी तो नगरकडून पाणी भरून यायचा, गावच्या कोरड्या विहिरीत सोडायचा आणि पुन्हा भरायला नगरकडे जायचा.

झुंबरबाई अनवाणीच पळाली. साठीची बाई, पण विहिरीपर्यंत ती कुठे थांबली नाही.

विहिरीवर पन्नास-साठ बाया हंडे, कळश्या घेऊन सकाळपासून बसल्या होत्या. ड्रायव्हर रंगनाथ, राहुरीकडचा चाळिशीचा माणूस, पाइप जोडत होता. झुंबरबाईने त्याचा हातच धरला.

"बाबा, सून आडली हाय माझी. नगरला न्यायची. आत्ता."

रंगनाथने पाइप खाली ठेवला. "मावशी, न्हेतो की. पन टँकर भरलेला हाय. एवढ्या वजनानं करंजीचा घाट चढायला दोन तास लागतील, मधी बंद पडला तर आनि पंचाईत. रिकामा व्हायला अर्धा तास तरी पायजे."

"अर्धा तास न्हाई रे तिच्याजवळ!"

"मागची मोठी तोटी सोडली तर दहा मिनिटांत हुईल. पन तिला पाइप बसत न्हाई. निम्मं पानी भुईवर जाईल." तो बायांकडे वळला. "आनि हे पानी तुमचं हाय. मी कसं सांगू?"

दोन दिवस घरात पाणी नाही, पोरंबाळं तहानेली. एक बाई पुटपुटली, "आमच्या घरात काय पाजायचं मग?" तिला कुणी गप्प केलं नाही, कारण ते खरंच होतं.

तेव्हा गोजरबाई पुढे आली. ही गोजरबाई पाण्याच्या नंबरावरून नेहमी भांडणारी, मागच्याच आठवड्यात तिने झुंबरबाईचा हंडा लाथेने उडवला होता.

"सोड रं तोटी," ती म्हणाली. "आनि तुमी बघत काय बसल्या गं? हंडे लावा मागं. जेवढं घावंल तेवढं धरा!"

रंगनाथने तोटी फिरवली. पाण्याचा लोट धाडकन सुटला. बाया एकमेकींना हंडे देत होत्या, भरला की ओढत होत्या, लुगडी भिजत होती. मधला लोट तरी मातीत जातच होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून कुणी बघत नव्हतं.

तोवर कानिफनाथ आणि शेजारच्या दोघांनी बाजेसकट विजयमालेला विहिरीपर्यंत आणलं. तोटीतून शेवटचं पाणी गळत असतानाच तिला केबिनमध्ये चढवलं. झुंबरबाई मागून चढली. कानिफनाथ सायकलवरून छावणीच्या दिशेने सुटला.

तिसगावापर्यंतचा रस्ता दुष्काळी कामावर उकरलेला होता. प्रत्येक दणक्याला विजयमाला पुढच्या पत्र्याला घट्ट धरायची. खडी फोडणाऱ्या बाया रस्त्यात बसलेल्या. रंगनाथ हॉर्न वाजवून, मान बाहेर काढून ओरडायचा, "सरका, आक्के, बाळंतीन हाय!" आणि त्या भराभर पाट्या उचलून बाजूला व्हायच्या.

घाट लागला तशा कळा जवळ आल्या. एक मैलाचा दगड गेला की एक कळ. मग दोन दगडांमध्ये दोन कळा.

"आत्या, काय तरी बोला."

"काय बोलू गं माले?"

"काय बी. हलतंय का बघा, मला कळंना झालंय."

झुंबरबाईने तिच्या पोटावर तळवा ठेवला. बराच वेळ तिचा चेहरा हलला नाही. विजयमाला तिच्याकडेच बघत होती. मग म्हातारी म्हणाली, "हलतंय. लाथ मारली माझ्या हातावर." आणि पदराने स्वतःचेच डोळे पुसले.

साडेबाराला टँकर दवाखान्याच्या फाटकातून आत शिरला. पहारेकरी अडवायला धावला, पण रंगनाथ आधीच खाली उतरून स्ट्रेचर मागत होता. तिला आत नेलं आणि दार बंद झालं, तसा तो झुंबरबाईला म्हणाला, "जातो मावशी. पुढच्या गावाचं पानी अजून भरायचंय." तिने त्याला काही द्यायला कनवटीला हात घातला, तोवर तो गाडीत बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मूल पायाळू आहे, आधी पायच येतायत. "आणखी तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला वळल्या. विजयमालेला पुढचं नीट आठवत नाही. दोन नर्सबायांचे हात आठवतात, डॉक्टरीणबाईंचं "आता थांब, आता जोर लाव," एवढं आठवतं. आणि मूल बाहेर आल्यानंतरची ती शांतता, जी तिला आयुष्यापेक्षा लांब वाटली. कुणीतरी बाळाच्या पाठीवर चापट्या मारत होतं. मग एक चिरका, रागावलेला आवाज आला.

मुलगी होती.

गहिनीनाथ पोचला तेव्हा उन्हं कलली होती. छावणीतून एका चाऱ्याच्या ट्रकवर बसून आला होता. केसांत कडब्याचा भुसा, हातांना शेणाचा वास. नर्सने त्याला आधी साबण दिला. हात धुऊन तो खाटेपाशी उभा राहिला.

"मी थितं असायला पायजे हुतो," तो म्हणाला.

"आता हायत ना. बसा." विजयमालेचे डोळे मिटायला आले होते, पण मिटत नव्हते. दुपारपासून ती दर दोन-चार मिनिटांनी बाळाच्या नाकापाशी बोट नेऊन श्वास बघत होती. झुंबरबाई रागावली होती, नर्स हसली होती, तरी तिला राहवत नव्हतं. "घ्या तिला. आनि श्वास चाललाय का बघत ऱ्हावा. मला झोप लागली तरी तुमी बघत ऱ्हावा."

त्याने बाळाला घेतलं, ओल्या हातांनी, घाबरत. "चाललाय," तो म्हणाला.

"बघा नीट."

"बघतोय. चाललाय."

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र ती काही विचारायच्या आत झोपली.