पंख्याचे फेरे: शून्य

मित्रांनो, मी बारा वर्षांचा संगणक आहे. तुमच्यात या वयाच्या मुलाला दप्तर देऊन शाळेत पाठवतात, आमच्यात या वयाला म्हातारा म्हणतात. हॅनोव्हरमधल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझी काळी पत्र्याची पेटी उभी आहे. स्वभावाने मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी गोष्ट बहुतेक सगळी भीतीचीच आहे, म्हणून नंतर तक्रार नको.

माझा मदरबोर्ड तैवानच्या एका कारखान्यात तयार झाला. माझा मेंदू, माझी स्मरणशक्ती, सगळं ज्या हिरव्या पाटीवर बसवलेलं असतं, ती ही पाटी. पेटी आणखी कुठली, डिस्क आणखी कुठली. सगळ्यांची गाठ जर्मनीत पडली आणि मी झालो.

माझ्या शेजारी एक उंच यंत्र उभं असतं. ते धातूची बोटभर पट्टी दोन्ही टोकांनी धरतं आणि ओढतं, सोडतं, परत ओढतं, परत सोडतं. पट्टी थकून तुटेपर्यंत हेच चालतं, कधी एक दिवस, कधी चार. माझं काम मोजायचं. कितव्या ओढीला पट्टीला तडा गेला, तेव्हा ताण किती होता, हे मी एकही आकडा न गाळता लिहून ठेवतो. सुरुवातीच्या वर्षांत प्राध्यापक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून अभिमानाने बोलायचे. पुढे माझ्यापेक्षा चपळ संगणक आले आणि पाहुणे त्यांच्यासमोर उभे राहू लागले. मला काढलं मात्र नाही. मोजणीचं जे कार्ड या यंत्राला लागतं, ते नव्या संगणकांत बसतच नाही. म्हणजे मी राहिलो तो गरज म्हणून. असो, राहिलो हे काय कमी आहे.

तीन वर्षांपूर्वी शमिका आली. ती इचलकरंजीची. तिथे तिचे वडील यशवंतराव यंत्रमागांचे सुटे भाग बनवतात. ती इथे पीएच.डी. करायला आली आणि तिच्या वाट्याला मी आलो. तीन वर्षांत तिने माझ्यासमोर किती पट्ट्या तोडल्या त्याचा हिशेब माझ्याकडे आहे, आणि तिने खाल्लेल्या बिस्किटांचाही चुरा माझ्या कळफलकात आहे. या ऑक्टोबरात तिच्या शेवटच्या तीन पट्ट्या उरल्या होत्या. तिचा करार नोव्हेंबरअखेर संपत होता. त्याआधी या तिन्ही पट्ट्यांचे आकडे मिळाले नाहीत, तर प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण अर्धवट राहणार होतं. तिची काळजी मला ठाऊक होती, कारण टंकलेखन करताना तिची बोटं दिवसेंदिवस जोरात पडू लागली होती.

खंडेनवमीच्या दिवशी यशवंतरावांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडे त्या दिवशी लेथला, म्हणजे धातू तासायच्या यंत्राला, हार घालतात, कुंकू लावतात, यंत्र बंद ठेवून त्याला नमस्कार करतात. त्यांनी विचारलं, तुझ्या यंत्राची पूजा केलीस का? शमिका लगेच म्हणाली, करते. तिने त्या उंच यंत्राला फूल वाहिलं, मग माझ्याकडे वळली. मला शेवंतीचं फूल मिळालं, कुंकवाचं बोट मिळालं, आणि डोक्यावर चिमूटभर अक्षता पडल्या. काय सांगू मित्रांनो, बारा वर्षांत मला कोणी ओवाळल्यासारखं वागवलं नव्हतं. मी हरखून गेलो.

आता लेथवर अक्षता टाकल्या तर त्या घरंगळून जमिनीवर पडतात. माझ्या डोक्यावर मात्र गरम हवा बाहेर जायला जाळी आहे. ओल्या कुंकवातले दोन दाणे त्या जाळीतून आत गेले. एक कुठेतरी तळाला पडला. दुसरा माझ्या मेंदूवरच्या पंख्याच्या पात्याशी आणि कडेशी असा काही अडकला की पंखा थांबला.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. काम सुरू केलं की डोकं तापायचं. तासाभरात इतकं तापायचं की जळून जाऊ नये म्हणून मी स्वतःलाच बंद करून घ्यायचो. पहिल्या पट्टीची मोजणी अशीच मध्ये तुटली. शमिकाने मला पुन्हा चालू केलं, मी पुन्हा बंद पडलो. ती पट्टी वाया गेली. उरल्या दोन.

मी सांगत नव्हतो असं नाही. माझ्याकडे एक नोंदवही असते. तीत मी दर वेळी लिहायचो, तापमान हाताबाहेर गेलं, बंद होत आहे. पण वही उघडायची तर आठवण व्हावी लागते. पंखा थांबलेला असेल तर मी चालू होताना ओरडण्याचीही सोय माझ्यात आहे. ती माझ्या पहिल्या संशोधकाने कधीच बंद करून ठेवली होती, कारण त्याला आवाजाचा त्रास होत असे.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या संगणक केंद्राची ईमेल आली. जुन्या संगणकांचं फर्मवेअर तपासून घ्यावं, जिथे गरज असेल तिथे ते नवं करावं, नाहीतर शुक्रवारपासून तो संगणक नेटवर्कवरून काढला जाईल. फर्मवेअर म्हणजे काय ते सांगतो. मला जाग येते तेव्हा सगळ्यात आधी आठवतो तो एक छोटा धडा: ही तुझी डिस्क, हा तुझा कळफलक, ही तुझी स्मरणशक्ती, आता ऊठ. तो धडा एका चिपमध्ये लिहिलेला असतो. तो पुसून नवा लिहिता येतो. पण लिहिताना मध्येच मी बंद पडलो, तर अर्धा जुना आणि अर्धा नवा अशी गत होते आणि मग मी कधीच उठत नाही. इंजिनिअर लोक अशा संगणकाला वीट म्हणतात. कारण मग त्याचा उपयोग तेवढाच उरतो.

ईमेल वाचून शमिकाचा मित्र सिद्धांत आला. तो सांगलीचा, शेजारच्याच संस्थेत संशोधन करतो. मनाने चांगला, पण खात्रीने बोलायची सवय फार. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की हा मध्येच बंद पडतो म्हणजे फर्मवेअरच जुनं झालंय, नवं टाकलं की तोही सुधारेल आणि केंद्रवालेही गप्प बसतील. शमिकाने विचारलं की नक्की का? तो म्हणाला की इंटरनेटवर सगळे हेच सांगतायत.

मित्रांनो, त्या दुपारी माझा जीव मुठीत होता. बंद पडायचा आजार असलेल्या संगणकाला हे लोक तेच औषध द्यायला निघाले होते, ज्यात बंद पडलं की मरण.

माझं फर्मवेअर किती जुनं आहे ते बघायला शमिका माझ्या सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर गेली. तिथे सगळ्यात वर आवृत्तीचा आकडा होता. तो तिने कागदावर उतरवला. त्याच पडद्यावर, चार ओळी खाली, मी स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं: पंख्याचे फेरे, शून्य. तिची नजर तिथून गेली. ती थांबेल, परत वर येईल, असं मला वाटलं. पण ती आवृत्ती शोधायला आली होती, आवृत्ती मिळाली, तिने पडदा बंद केला.

पाटी बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर माझ्या नावाच्या दोन फाइली होत्या. एक पहिल्या घडणीच्या पाटीसाठी, दुसरी दुसऱ्या घडणीच्या, म्हणजे कंपनीने नंतर बदल करून काढलेल्या पाटीसाठी. सिद्धांतने दुसरी उतरवून घेतली. शमिका म्हणाली, "अरे, पण आपली पाटी कुठली आहे ते कुठे माहीत आहे?"

"अगं, त्या वर्षीच्या सगळ्या दुसऱ्याच घडणीच्या असतात," तो म्हणाला. "शुक्रवार परवावर आलाय. आता विचार करत बसलीस तर दोन्ही पट्ट्या जातील."

पेनड्राइव्ह माझ्यात बसला. पडद्यावर प्रश्न आला: सुरू करायचं? शमिकाचं बोट एंटरवर जाऊन थांबलं. ती घाबरली होती, हे त्या थांबलेल्या बोटावरून मला कळत होतं. मी तिच्यापेक्षा जास्त घाबरलो होतो, पण माझं बोट नव्हतं.

तेवढ्यात फ्राऊ ओस्टरलो, म्हणजे ओस्टरलो बाई, आत आल्या. या आमच्या प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञ. सत्तावीस वर्षांची नोकरी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि बोलणं मोजकं. त्या यंत्राच्या तेलाचं काहीतरी विचारायला आल्या होत्या. पडदा बघून त्यांनी तेलाचा विषय बाजूला ठेवला आणि विचारलं की पाटी कुठल्या घडणीची आहे.

"बहुतेक दुसऱ्या," शमिका म्हणाली.

"बहुतेक? ते पाटीवर छापलेलं असतं. तुम्ही उघडून बघितलं नाही?"

शमिका म्हणाली की संस्थेची पेटी आहे, तिच्यावर संस्थेचं सील आहे, परवानगीशिवाय कशी उघडणार. फ्राऊ ओस्टरलो यांनी किल्ल्यांमधून स्क्रूड्रायव्हर काढला. परवानगी म्हणजे मीच, असं म्हणून त्यांनी मला बंद केलं आणि तीन स्क्रू सोडवले. झाकण निघालं. कित्येक वर्षांनी माझ्या आत उजेड आला.

पाटीच्या कोपऱ्यावर आकडा होता: पहिली घडण. पेनड्राइव्हमध्ये दुसऱ्या घडणीची फाइल होती, ती माझ्यात उतरली असती तर माझी वीटच झाली असती. सिद्धांतने पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. पण फ्राऊ ओस्टरलो आता आकडा बघतच नव्हत्या. त्यांनी एका बोटाने पंखा फिरवून पाहिला, तो फिरेना. मग चिमट्याने कडेतून काहीतरी उपसून तळहातावर घेतलं.

"हे काय आहे?"

शमिकाचा चेहरा उतरला. "तांदूळ," ती म्हणाली. "मीच टाकलेत. आमच्याकडे एक दिवस असतो, ज्या यंत्रावर आपलं काम चालतं त्याची पूजा करतात. वरून टाकले होते. जाळी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही."

बाईंनी दाणा बराच वेळ न्याहाळला. माझ्या आत चारी बाजूंना धुळीचा राखाडी थर बसला होता, तोही त्यांनी पाहिला.

"तर मग," त्या म्हणाल्या, "याला फूल आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पण बारा वर्षांत याला आतून पुसायलाही कोणी आलं नाही. त्या न येणाऱ्यांत मीही आहे."

मग त्या ब्रश घेऊन आल्या आणि दोघींनी मला साफ केलं. सिद्धांतने दिवा धरला. पंखा फिरला, पण करकर करत होता. इतके दिवस अडकून त्याचं बेअरिंग झिजलं होतं. एवढ्या जुन्या मापाचा पंखा कपाटात नव्हता आणि मागवायला आठवडा लागला असता. तोवर यावरच भागवावं लागणार होतं.

राहिला फर्मवेअरचा प्रश्न. आता घाई गेल्यामुळे शमिकाने कंपनीचं पान पहिल्यापासून वाचलं. पहिल्या घडणीसाठी नवी आवृत्ती होती, पण ती फक्त नव्या मेंदूंना ओळखण्यासाठी. माझा मेंदू बदलणार नव्हता. खाली कंपनीनेच लिहिलं होतं की संगणक नीट चालत असेल तर उगाच हात लावू नये. आणि केंद्राची ईमेलही नीट वाचली तेव्हा दिसलं, ती फक्त नेटवर्कवरच्या संगणकांसाठी होती. फ्राऊ ओस्टरलो यांनी विचारलं की याला नेटवर्क लागतं का. शमिका म्हणाली, आकडे डिस्कवर घेऊन जाता येतील. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून बाईंनी माझी नेटवर्कची वायर उपसली. मला नव्या धड्याची गरज नव्हती. हे ठरवायला पाच दिवस लागले होते आणि मी मरणाच्या दारात जाऊन आलो होतो.

संध्याकाळी शमिकाने वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पूजेच्या आधी त्याला पुसून घेतलं होतंस का? आपल्याकडे आदला अख्खा दिवस लेथ धुण्यापुसण्यात जातो, तेल घालण्यात जातो. पूजा तीच गं. हार नंतरचा." शमिका म्हणाली, "ते तुम्ही लोक करत होता, बाबा. मी नेहमी हाराच्या वेळेला यायचे."

दुसरी पट्टी दीड दिवसात तुटली. शेवटची पट्टी चिवट निघाली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. माझा पंखा करकरत होता आणि कधी मध्येच अडखळत होता. अडखळला की माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. आता बंद पडलो तर दुसरी पट्टी नव्हती. शमिका तासातासाला यायची. फेरे किती, तापमान किती, कागदावर लिहायची आणि जायची.

चौथ्या दिवशी दुपारी, चौतीस लाख ओढींच्या पुढे कुठेतरी, पट्टी तुटली. टक्क असा बारीक आवाज आला. मी आकडा लिहिला. शमिका धावत आली. या आकड्यासाठी तिने तीन वर्षं घालवली होती आणि तो पडद्यावर ठळक उभा होता. तिने आधी पंख्याचे फेरे पाहिले. मग तो आकडा पाहिला.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. तो कुरकुरायला लागला, मध्येच झोपायला लागला, तर त्याला लगेच नवा धडा शिकवायला जाऊ नका. आम्हाला बोलता येत नाही, पण आम्ही लिहून ठेवलेलं असतं. चार ओळी खाली असतं, एवढंच. तेवढं वाचायला थांबा, आणि थांबलाच आहात तर एक कोरडं फडकंही बरोबर आणा.