सहा अर्धे कान

“घोड्याचा पहिला मालक देव, दुसरा मालक देश! तिसरा मालक या पृथ्वीवर अजून जन्माला यायचाय!”

दुकानाच्या ओट्यावरून कमांदार सोइलो बारागान यांनी हे जाहीर केलं, तेव्हा आता टोपी काढावी की काय, अशा विचारात आम्ही पडलो. तेवढ्यात त्यांनी दोन शिपाई हाक मारून बोलावले. कमांदारांचा पाय रिकिबीत जायचा, पण बाकीचा ऐवज वर चढवायला मागून ढकलणारे दोघं लागत. तिसऱ्या ढकलणीला ते एकदाचे बसले आणि तुकडी रोमुआल्दा आक्काच्या घोड्यांच्या वाडग्याकडे निघाली. तुकडीत मीही होतो. हौसेनं नव्हे, आदल्या दिवशी त्याच दुकानात मला फौजेसाठी धरलं होतं.

रोमुआल्दा आक्का ही आमच्या मुलखातली गुरं हाकणारी विधवा. शंभर शंभर कोसांवर लोकांची गुरं पोचवायची, ती सहा घोड्यांच्या जिवावर. सहाही एकाच बदामी रंगाचे. एका घोड्यावर लागोपाठ दोन दिवस ती कधी बसली नाही. उतरली की आधी त्याची पाठ धुणार, सुरीच्या टोकानं खुरातली माती काढणार, मग स्वतःच्या तोंडावर पाणी मारणार. घोडे मोकळेच चरत, पण लांब जात नसत. कारण त्यांच्यात कालांद्रिया नावाची एक म्हातारी घोडी होती, गळ्यात घंटा बांधलेली. ती जिकडे, सहाही तिकडे.

आम्ही पोचलो तेव्हा आक्का घोडा धूत होती.

“लढाई चाललीय, बाई. देशाला घोडे हवेत.”

“मग देशाला म्हनावं, सोता यिऊन माग. तुला कशापायी धाडलं?”

“तोंड सांभाळ!”

“मी घोडे सांभाळते. तोंड मोकळंच आसतं माझं.”

कमांदारांनी खूण केली. सरकारी घोड्याचा उजवा कान अर्धा कापायची आमच्याकडे रीत. कान कापला की घोडा देशाचा. पुढे तो ज्याच्या दारात सापडेल तो चोर. सार्जंटानं पहिला कान कापला आणि आक्कानं ‘माते’ नावाच्या आमच्या कडू चहासाठी चुलीवर ठेवलेली किटली उचलून त्याच्या बुटात ओतली. तो एका पायावर नाचू लागला. उरलेले पाच कान दुसऱ्यानं कापले. घोडे नुसते थरथरत होते. आक्का वाकली, मातीतले सहा तुकडे वेचून तिनं रुमालात बांधले. गाठ दोनदा ओढून पाहिली. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“आन् ही?” सार्जंटानं कालांद्रियाकडे बोट केलं.

कमांदार दुखावले. “घोडी? मर्दांच्या फौजेत घोडी?”

आमच्याकडे पुरुष घोडीवर बसलेला दिसला, तर त्याच्या नातवाचंसुद्धा लग्न जमत नाही. तेव्हा घोडी राहिली, घंटेसकट.

“पाठी धुवा रं त्यांच्या, मुडद्यांनो!” आक्का मागून ओरडली.

कुणीही धुतल्या नाहीत. आठ दिवसांत चार घोड्यांच्या पाठी सोलवटल्या. त्यातला एक माझ्याकडचा. खोटं कशाला बोलू?

नवव्या दिवशी देशाचा सण. चर्चपुढच्या मैदानात राजधानीहून आलेले जनरलसाहेब खुर्चीवर, आणि पुढच्या रांगेत आम्ही सहाजण त्या सहा घोड्यांवर. सगळ्यात उंच घोडा कमांदारांनी स्वतःला ठेवला होता.

“घोड्याचा पहिला मालक...” इथवर ते आले आणि घंटा वाजली.

चर्चच्या कोपऱ्यावरून रोमुआल्दा आक्का आली, कालांद्रियावर बसून. लोक फिदीफिदी हसले. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. मैदान ओलांडलं आणि घोडीला टाच मारली.

सहा अर्धे कान एकदम ताठ झाले.

पुढचं मला फारसं दिसलं नाही, कारण मी डोळे मिटले होते. लगाम ओढून तळहात सोलले, तरी घोडा तीन कोस थांबला नाही. एकदा डोळा किलकिला केला, तर शेजारी कमांदार घोड्याच्या मानेला मिठी मारून “थांब! थांब!” असा हुकूम सोडत होते. घोडा सरकारी, पण ऐकत नव्हता. डोळे उघडले तेव्हा आम्ही वाडग्यात होतो आणि आक्का घोडीला बाहेर काढून फाटकाला आडणा घालत होती.

“चोर!” कमांदार कसेबसे घसरून उतरले. “सरकारी घोडे पळवतेस?”

“मी कुटं पळवलं? तुमीच बसून आनलंत की घरला.” तिनं रुमाल त्यांच्यापुढे सोडला. सुकलेले सहा तुकडे. “ह्ये घ्या. शिवून द्या परत. मी बसते हितं.”

“अगं, हे कसं शिवणार?”

“कापाया कसं आलं मग? न्हाय जमत तर लिवा, कान चुकून कापलं, घोडे रोमुआल्दाचं. न्हायतर चला माघारी मैदानात. मी घोडीवर फुडं हुते, तुमी या मागनं. जनरल बी हायेत अजून.”

कमांदारांनी घाम पुसला आणि लिहिलं. आक्काला वाचता येत नव्हतं; मी दोनदा वाचून दाखवलं. तिनं कागद पोलक्यात खोचला, खोगिरं उतरवली, जखमा पाहिल्या आणि ओलं फडकं माझ्या थोबाडावर हाणलं. नंतर त्याच फडक्यानं ती घोडे धुऊ लागली.

कमांदारांनी गावाच्या दिशेला पाहिलं. तीन कोस, रणरणतं ऊन, पायात उंच टाचांचे बूट. सहा घोडे आडण्याच्या आत. बाहेर उभी एकटी कालांद्रिया.

ते आक्काच्या जवळ गेले आणि हळूच म्हणाले, “रोमुआल्दाबाई... गावापर्यंत ती घोडी मिळेल का?”

आक्काचा हात थांबला नाही.

“आणि,” ते आणखी हळू म्हणाले, “तिची घंटा तेवढी काढून द्या.”