पाळण्याने ऐकलेलं नाव

मित्रांनो, मी शिसवीचा एक जुना पाळणा आहे, आणि खरं सांगायचं तर आता फार दमलो आहे. मयूर विहारच्या एका फ्लॅटमध्ये माळ्यावर माझं बिऱ्हाड. दिल्लीतल्या ओळखीच्या कुठल्याही मराठी घरात बारसं निघालं की मला खाली काढतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात. कार्य उरकलं की पुन्हा माळ्यावर. कौतुक एका दुपारचं, धूळ वर्षभराची. कड्या कुरकुरतात, पण त्यांना तेल घालायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

नावं मात्र मी ढीगभर ऐकली. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते, ‘कुर्र्र’ करते आणि नाव सांगते. मागून बायका तिच्या पाठीत लाडाचे धपाटे घालतात. त्या गलक्यात आत्याचं कुजबुजणं नीट ऐकू येतं ते बाळाला आणि मला. पूर्वी देवांची नावं असत, मग नद्यांची आली. हल्ली मोबाइलवर अर्थ बघून ठेवतात. आडनाव कुणी कानात सांगत नाही, ते आयतंच येतं. या घराचं आडनाव चिंचखेडकर. चिंचखेड यांच्यापैकी एकानेही पाहिलेलं नाही, तरी ते गाव यांच्या दारावर टिकून आहे. बायकांच्या नावाचं नशीब एवढं बळकट नसतं. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं की जुनं तिथेच संपतं. मला याचं फार वाईट वाटतं.

या घरातल्या सुनंदाआजी माहेरच्या भानुमती. भानू म्हणजे सूर्य. वडिलांनी हौसेनं ठेवलेलं ते नाव लग्नात गेलं ते गेलंच. यंदा त्यांच्या मुलाला, विश्वासला, मुलगी झाली. त्याची थोरली बहीण सुनीती दिल्लीतच मुनिरक्याला एकटी राहते. तिनं मनाशी ठरवलं होतं की आईचं नाव भाचीला द्यायचं. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि आईचं नाव वाचवायची तिला ही एकच संधी होती.

बारशाच्या दिवशी तिनं ते सुचवून पाहिलं, पण विश्वास आणि त्याची बायको हेमांगी यांनी ‘अनुष्का’ आधीच ठरवून टाकलं होतं.

“ताई, भानुमती कोण ठेवतं यार आता?” विश्वास म्हणाला. “शाळेत पोरं चिडवतील तिला. तू फक्त अनुष्का म्हण.”

सुनीतीचा चेहरा पडला, पण कार्याच्या घरात वाद नको म्हणून तिनं मान डोलावली. मग ती वाकली, कुर्र्र केलं आणि अगदी हळू म्हणाली, “भानुमती.” लगेच ताठ उभी राहून तिनं सगळ्यांना मोठ्यानं ‘अनुष्का’ सांगितलं. टाळ्या पडल्या, पेढे वाटले गेले.

मंडळी जेवायला गेली. आजी माझी दोरी ओढत बसल्या होत्या. त्यांनी सुनीतीला जवळ बोलावलं आणि कानात नक्की काय सांगितलंस म्हणून विचारलं. आईला आनंद होईल या आशेनं तिनं खरं ते सांगून टाकलं.

आजींचा हात दोरीवर थांबला.

“तिला कशाला दिलंस?” त्या म्हणाल्या. “माझं अजून वापरून कुठे झालंय? आधी मला तरी हाक मारायचीस.”

जन्मदात्या आईला नावानं कसं हाकारायचं? सवयीनं सुनीतीच्या तोंडातून ‘आई’च आलं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “भानुमती.”

“ओ,” आजींनी उत्तर दिलं.

मित्रांनो, मी थकलो आहे. मला पॉलिश नाही केलंत तरी चालेल. पण घरी गेलात की आजीला तिचं माहेरचं नाव विचारा. आणि नुसतं विचारून गप्प बसू नका. त्या नावानं तिला एकदा हाक मारा. ओ द्यायला ती अजून आहे.