भावोजींशिवायचं पाकीट

आमच्या भावोजींना विडीकाडीचं व्यसन नाही. त्यांना व्यसन आहे ते स्वतःच्या फोटोचं, आणि तो फोटो सिगारेटच्या पाकिटावरचा.

झालं असं की, गेल्या वर्षी सरकारला पाकिटावर छापायला नवा भीतिदायक फोटो हवा होता. भावोजी मोठ्या रुग्णालयात स्ट्रेचर ढकलतात. फोटोग्राफर तिथे आला, पण खरे पेशंट काही तयार होईनात. एकीच्या मुलाने तर त्याला कॅमेऱ्यासकट वॉर्डाबाहेर काढलं. तेव्हा भावोजी पुढे झाले आणि म्हणाले, मी झोपतो की. नाकात नळी, डोळ्यांखाली काळं, तोंड अर्धवट उघडं. आयुष्यात एक झुरका न घेतलेला हा माणूस असा काही आडवा झाला, की राउंडला आलेल्या डॉक्टरांनी म्हणे त्यांची नाडी बघितली.

तेव्हापासून देशातल्या प्रत्येक पाकिटावर आमचे भावोजी मरायला लागले. रस्त्यात अनोळखी लोक थांबवून विचारायचे, "आता बरं आहे ना?" चव्वेचाळिसाव्या वर्षी एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी बोलता बोलता खिशातून पाकीट काढलं, एकदा पाकिटाकडे बघितलं, एकदा भावोजींकडे, आणि चहा न घेताच उठले. दुसरा कुणी असता तर खचला असता. भावोजी मला म्हणाले, "वहिनी, बघा, ओळखलं त्यांनी."

आमचं कोपऱ्यावर छोटं दुकान आहे. वर्तमानपत्रं, साबण, बिस्किटं, बॅटऱ्या आणि सिगारेटी. आमच्या ह्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा जे होतं-नव्हतं ते ह्या दुकानात घातलं. खरं सांगायचं तर दुकान तरतं ते सिगारेटीवर. तंबाखूविक्रीचा परवाना गेला, तर साबण विकून जागेचं भाडंसुद्धा निघणार नाही. म्हणून मी नियमांच्या बाबतीत फार कडक. पाकिटं गिऱ्हाइकाला दिसतील अशी मांडायची नाहीत, बंद कपाटात ठेवायची, हा कायदा. तर माझ्या कपाटाला कुलूपसुद्धा आहे.

पण कुलूप घरच्या माणसापुढे काय करणार? रोज चार वाजता ड्यूटी संपली की भावोजी हजर. किल्ली घ्यायची, कपाट उघडायचं, आणि पाठमोरी असतील ती सगळी पाकिटं फिरवून स्वतःचा चेहरा पुढे आणायचा. वर फडक्याने पुसायचं. एखाद्या पाकिटावर छपाई फिकट असली की त्यांचा चेहरा पडायचा. "ह्यात मी आजारीच वाटत नाही," असं म्हणून ते पाकीट मागे ढकलायचे. हौसेला मोल नाही म्हणतात, ते हेच.

आमचे हे स्वतः सिगारेट ओढायचे. वीस वर्षं झाली होती. मी बोलून थकले, मुलगी रडून थकली. दुकानात सकाळी मी बसते, संध्याकाळी हे. त्या वर्षी मला एकच गोष्ट खटकली होती. किमतीच्या स्टिकरचा रोल भराभर संपायला लागला. मी दोनदा विचारलं, तर म्हणाले, "साबणावर नीट चिकटत नाहीत, दोन-दोन लावावे लागतात." मी म्हटलं, असेल बाई. नंतर रोल पुन्हा पुरायला लागला आणि मी विसरले.

मग एका सोमवारी भावोजी चारला आले ते छाती पुढे काढूनच.

"वहिनी, मी तक्रार केलीय. थेट आरोग्य खात्याकडे. रजिस्टर पोस्टाने."

"कसली तक्रार?"

"माझा फोटो काढून टाकतायत. वर्षाचा करार आहे आणि आत्ताशी सात महिने झालेत. परवा फडकं शोधताना खालच्या खणात एक पाकीट मिळालं. त्याच्यावर मी नाहीच. नुसता सोनेरी घोडा. मी ते पाकीटच जोडलंय पुरावा म्हणून."

माझ्या हातातला सुट्ट्या पैशांचा डबा मी हळूच खाली ठेवला.

"आणि पाकीट कुठे मिळालं म्हणून लिहिलंत?"

"दुकानाचा पूर्ण पत्ता दिलाय," भावोजी म्हणाले. "म्हणजे चौकशीला आले की त्यांना शोधायला नको."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला निदान पत्ता लिहिता येत नाही. फोटो नसलेलं पाकीट म्हणजे कर चुकवून चोरवाटेने आलेला माल, हे शेंबडं पोर सांगेल. तसा माल दुकानात सापडला की परवाना रद्द. भावोजींना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते सिगारेटीकडे कधी विक्रीचा माल म्हणून बघतच नाहीत.

ते गेल्यावर मी खालचा खण उघडला. जुन्या वर्तमानपत्रांखाली सोनेरी घोड्यांचे दोन खोके होते. त्यातला एक अर्धा रिकामा. हे आले तशी मी दोन्ही खोके गल्ल्यावर ठेवले.

"कुणाला विकताय?"

"कुणालाच नाही. मीच ओढतो."

"कपाटभर सिगारेटी पडल्यात घरच्या, आणि ह्या कशाला?"

हे गल्ल्याची कड नखाने खरवडत बसले. तक्रारीचं सांगितलं तेव्हा मात्र ताडकन उठले. म्हणाले, आत्ताच्या आत्ता नेऊन टाकतो सगळं. मी नाही म्हटलं. एक पाकीट खात्याच्या टेबलावर जाऊन पोचलंय, आता ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मुलीचं शिक्षण अजून तीन वर्षं बाकी होतं.

शुक्रवारी सकाळी निरीक्षक मॅडम आल्या. त्या दिवशी हेही दुकानातच थांबले होते. सडसडीत बांधा, खांद्याला जड पिशवी, आणि भावोजींचं पत्र हातात. मी स्वतःच खण उघडून दिला. त्यांनी खोके बाहेर काढले, चष्मा पुसला आणि ह्यांना विचारलं, "रोज किती जातात?"

"विकत नाही मॅडम. स्वतःसाठी आणतो."

"असं सगळेच म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "मला आजवर एकही चोरटा विक्रेता भेटला नाही. सगळे हौशीच."

त्यांनी हात घालून खणाचा तळ चाचपला आणि आतल्या कोपऱ्यातून चार-पाच जुनी रिकामी पाकिटं काढली. ही आमच्या कपाटातलीच, कर भरलेली. पण फोटोच्या जागी किमतीचे स्टिकर चिकटवलेले होते, ओळीने, कुठे फट न ठेवता. साबणाची किंमत, बॅटरीची किंमत, पुन्हा साबणाची. मॅडमनी नखाने एक स्टिकर उचकटला. खालून भावोजींचा एक डोळा बाहेर आला.

"हे काय आहे?"

नेमके तेव्हाच भावोजी दारात आले. चौकशीची बातमी लागल्यामुळे अर्धी रजा टाकली होती. मॅडमनी पाकिटाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं.

"तुम्ही आहात अजून?"

"प्रकृती उत्तम आहे," भावोजी खूश होऊन म्हणाले. मग त्यांना ते स्टिकर दिसले. "दादा, हे तू केलंस? माझ्यावर साबण लावलास?"

हे भावोजींकडे न बघता मॅडमनाच सांगायला लागले.

"हा सहा वर्षांचा होता तेव्हा असाच पडला होता. रुग्णालयात, नाकात नळी. वडील नव्हते. मी सोळा वर्षांचा, आठ दिवस शेजारी स्टुलावर बसून होतो. तोंड असंच उघडं होतं ह्याचं." त्यांनी पाकिटाकडे बोट केलं. "आता काडी पेटवायला पाकीट काढलं की हा समोर. स्टिकर लावले, तरी खाली कोण आहे ते माहीत असतंच. मग ही घोड्याची मिळाली. चूक झाली."

"अरे, मी नुसता झोपलो होतो, दादा," भावोजी म्हणाले.

"माहीत आहे मला. माहीत असून काय उपयोग?"

भावोजी मटकन बिस्किटांच्या खोक्यावर बसले. खोका दबला, आतली बिस्किटं मोडल्याचा आवाज आला. वीस वर्षं मी आमच्या ह्यांना दगड म्हणत आले.

मॅडमनी शांतपणे पेन उचललं. "अकरा वर्षं मी हे काम करतेय," त्या म्हणाल्या. "त्या फोटोंचा काही उपयोग होतो का, असं दर मीटिंगला विचारतात. होतो म्हणून सांगायला पहिल्यांदा एक माणूस मिळाला, आणि तोही चोरटा माल ओढताना."

मग त्यांनी घोडे कुठून आले ते विचारलं. दर गुरुवारी टायरच्या दुकानामागे पांढरी व्हॅन उभी राहते, हे ह्यांनी सांगून टाकलं. मॅडमनी खोके जप्त केले, दंड लावला, वर्षभर अचानक तपासणी होईल असं बजावलं. अहवालात मात्र लिहिलं, 'विक्री आढळली नाही.' परवाना राहिला. स्टिकरवाली पाकिटं त्या पिशवीत घालून घेऊन गेल्या. मीटिंगला दाखवणार म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी ह्यांना सांगितलं, ओढायची तर भावोजींसकट ओढा. स्टिकर मी माझ्या पर्समध्ये ठेवायला लागले. एका दिवसात सुटली असं खोटं सांगणार नाही. दहाच्या पाच झाल्या, पाचाच्या दोन, आणि कधीतरी मी विचारायचंही सोडलं.

मग वर्ष संपलं आणि नव्या फोटोची पाकिटं आली. एक पाय, काळी पडलेली बोटं. चेहरा नाहीच. चार वाजता भावोजी आले, कपाट उघडून बराच वेळ बघत राहिले. "पाय काय, कुणीही देईल," म्हणाले. मला त्यांची कीव आली, पण माझं लक्ष ह्यांच्याकडे होतं. आता आडवं यायला कुणी नव्हतं. ह्यांनी एक पाकीट उचललं, उजेडात धरलं.

"ओळखीचा आहे का कुणाच्या?" मी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "असेल कुणाचा तरी भाऊ."

आणि पाकीट परत कपाटात ठेवलं. भावोजींनी ते फिरवून नीट पुढे केलं आणि वरून फडकं मारलं.