हंबीररावांच्या तोफेचा इतिहास

लालासाहेबांना इतिहास हवा होता, आणि तोही पंधरा दिवसांत. कडेगावात त्यांच्या आजोबांचा, म्हणजे तोपची हंबीररावांचा, पुतळा बसणार होता. तोपचीच्या हातात तलवार दिली होती, यावरूनच घरच्या मंडळींची अक्कल कळावी. पुस्तिका लिहायचं काम संयोगिताच्या गळ्यात पडलं, कारण विश्रामबागेतल्या ज्या कॉलेजात ती नऊ वर्षं तासिकेवर इतिहास शिकवत होती, त्याचे अध्यक्ष लालासाहेबच. काम मनासारखं झालं तर कायमची ऑर्डर मिळणार होती.

कागदपत्रं चाळताना संयोगिताला हसू आवरेना. समुद्रापलीकडच्या पोर्ट एल्डन शहरात, बंदरावर नजर ठेवणाऱ्या टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला. फ्रेंच येतील म्हणून बांधला, ते आले नाहीत. मग रशियन येतील म्हणून तोफा वाढवल्या, तेही फिरकले नाहीत. साठ वर्षं गोरे साहेब दुर्बिणी लावून बसले आणि खाली येत राहिली ती कोळशाची नि मिठाची जहाजं. तोफ उडायची ती रोज दुपारी बाराला, खलाशांनी घड्याळं लावावीत म्हणून. इंग्रजांच्या पलटणीतून तिथं गेलेल्या हंबीररावांनी ती बिनगोळ्याची तोफ अकरा वर्षं उडवली. पुढं तोफा भंगारात गेल्या, आता तिथं हॉटेल आहे. एवढा थाट, आणि कर्तबगारी शून्य!

तिनं तसंच लिहिलं. लालासाहेबांनी वाचून कागद परत सरकवले.

"म्याडम, ह्ये काय घड्याळजीचं चरित्र हाय व्हय? दोन जहाजं तरी बुडवा की."

"पण साहेब, शत्रू आलाच नव्हता."

"मग बोलवा. तुमच्याच हातात हाय न्हवं?"

अडाणी माणूस, ती मनात म्हणाली. असल्यापुढं खरं बोलून तोंड कशाला दुखवायचं? त्यानं दोन मागितली, तिनं चिडून तीन बुडवली. वर चारशे माणसं समुद्राच्या तळाशी धाडली. लालासाहेब जाम खूश झाले. चार दिवसांत ऑर्डर तिच्या हातात पडली.

अनावरणाला मांडव गच्च भरला होता. निवेदकानं घसा ताणून तिन्ही जहाजं बुडवली. माजी सैनिकांनीही टाळ्या वाजवल्या, त्यांना तरी कळायला हवं होतं. पहिल्या रांगेत लालासाहेबांच्या आई, बनुबाई, बसल्या होत्या. त्यांनी संयोगिताला खुणेनं जवळ बोलावलं.

"ह्ये तू लिवलंस व्हय गं?"

"हो, आजी."

"आमचं मामंजी रोज देवाला हात जोडायचं. म्हनायचं, इतकी वरसं तोफंपाशी काढली, पर माज्या हातनं एक मानूस मेला न्हाई. मरतानाबी ह्येच बोललं. आन् तू त्यांच्या हातनं चारशे मारलीस. कशापायी?"

या वेळी संयोगितानं थाप मारली नाही.

"नोकरीसाठी, आजी."

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग हितं नगं हुबी राहू," त्या म्हणाल्या. "तकडं जा, आमच्या लालाशेजारी बस."